मानवतची मालिका आणि आमचं वाचनालय

परवा आईनं विचारलं, "आरं, ते मानवतचं कायतरी आलंय म्हणं टीव्हीवर. दाव की मला."

तिला 'मानवत मर्डर्स' म्हणायचं होतं. ४ ऑक्टोबर २०२४ ला सोनी लिव्हवर आलेली मराठी मालिका. आशुतोष गोवारीकर, मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर असे सगळे मोठे लोक आहेत. विषय आपल्या परभणी जिल्ह्यातला. १९७२ ते ७४ या काळात मानवतमध्ये बायका आणि लहान पोरींचे जे खून झाले, त्याचा तपास. सोनपेठहून पाथरी ओलांडून पुढं गेलं की मानवत. आई तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. ती सांगते, त्या दिवसांत सांज झाली की कोणी पोरीबाळींना एकटं आडावर पाठवत नसे. मालिका बघणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी ती एक 'क्राइम स्टोरी' आहे. आईसाठी ती तिच्या पोरवयातली भीती आहे, जिच्याबद्दल पन्नास वर्षं कोणी नीट काही सांगितलंच नाही.

आमच्या घरी ते ॲप नव्हतं. मी म्हटलं, पैसे भरावे लागतात, बघतो. तर आई सहज म्हणाली, "मग तुमच्या वाचनालयात न्हाई का मिळत?"

मी हसलो. नंतर रात्री झोपताना वाटलं, आपण हसलो कशाला? प्रश्न तर बरोबर होता.

आईचं शिक्षण चौथी. वाचनालयाबद्दल तिची समज एवढीच की जी वस्तू आपल्याला विकत घ्यायला परवडत नाही ती तिथून घरी आणायची, वापरायची आणि नीट परत करायची. मी गेली बरीच वर्षं तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. ग्रंथालय चळवळीवर भाषणं ऐकली, एक-दोन स्वतः ठोकली. पण एवढी साधी व्याख्या कोणी केलेली मला आठवत नाही.

आता गंमत बघा. ही मालिका ज्या पुस्तकावर बेतलेली आहे, ते तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचं 'फूटप्रिंट्स ऑन द सँड ऑफ क्राइम', ते पुस्तक आमचं वाचनालय उद्या विकत घेऊ शकतं. दाखल रजिस्टरला नोंद, शिक्का, की झालं. शंभर जणांनी वाचलं तरी कोणी विचारणार नाही. पण त्याच गोष्टीची मालिका? ती आम्ही घेऊच शकत नाही. पैसे नाहीत म्हणून नव्हे. पैसे असले तरी ती वाचनालयाला विकायलाच ठेवलेली नाही.

आणि जी वस्तू रीतसर मिळत नाही ती कशी मिळते, हे सांगायला नको. आमच्या आळीतल्या निम्म्या पोरांनी ती मालिका कधीच बघून टाकली होती. टेलिग्रामवर. त्यात काही विशेष गुन्हा केला असं त्यांना वाटत नाही. पूर्वी मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं, त्याचीच ही पुढची पायरी. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला, चोरून चित्रीकरण आणि प्रसारण करणाऱ्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि कमीत कमी तीन लाख दंड, असं सगळं कडक झालं. चांगलं आहे. पण चोरवाट बंद करताना सरळ वाट कुठून जाते, हेही कोणीतरी सांगावं ना.

आता थोडं मागं जातो, कारण या बाबतीत आमच्या हातूनही एक चूक झालेली आहे.

माझ्या वयाच्या लोकांना व्हिडिओचा जमाना आठवत असेल. गणपतीत वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, एका रात्रीत तीन पिक्चर. पहिला देवाधर्माचा, म्हाताऱ्यांसाठी. दुसरा मराठी. तिसरा मारधाडीचा, तोपर्यंत बायका उठून गेलेल्या असायच्या. मधेच पडद्यावर मुंग्या यायच्या, मग ऑपरेटर झाकण उघडून कोऱ्या नोटेनं हेड पुसायचा आणि सगळे श्वास रोखून बघायचे. 'माहेरची साडी'ला आमच्या वाड्यात बायका ज्या रडल्या, तसं रडणं मी लग्नातसुद्धा बघितलं नाही. तेव्हा सिनेमा ही गावानं मिळून आणायची वस्तू होती. भाड्यानं का होईना, सगळ्यांची.

नंतर सीडी आल्या. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीनं बाजारात धमाल उडवून दिली. सिनेमाची अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना. चोरीच्या सीडीपेक्षा स्वस्त! मी बैठकीत विषय मांडला की आपण एक कपाट सिनेमांचं करू. 'श्वास', 'श्यामची आई', 'सामना', 'सिंहासन' अशी यादीसुद्धा करून नेली होती. चर्चा झाली. एकजण म्हणाले, "ह्याची नोंद कशात करायची? ग्रंथ म्हणून का फर्निचर म्हणून?" दुसरे म्हणाले, "तपासणीत कोणी आक्षेप घेतला तर उत्तर कोण देणार?" तिसरे, जे स्वतः रोज रात्री सिनेमा बघितल्याशिवाय झोपत नसत, ते म्हणाले की ज्ञानमंदिरात पिक्चर शोभत नाही.

कोणी वरून नाही म्हटलं नव्हतं. कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. आम्हीच घाबरलो. शेवटी मी खिशातून बारा सीडी आणल्या, त्या एका ड्रॉवरमध्ये पडून राहिल्या. चार-पाच वर्षांपूर्वी काढल्या तर बुरशीची नक्षी आलेली. त्या कंपनीचंही २०१८ मध्ये दिवाळं निघालं, अवसायनात गेली.

पण आमची भीती किती फुकाची होती, हे मला नंतर कळलं. म्हणून हा पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचा, विशेषतः जे कुठल्या वाचनालयाचं काम बघतात त्यांनी.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात सिनेमाची प्रत विकण्याचा आणि भाड्यानं देण्याचा हक्क निर्मात्याकडे ठेवलेला होता. २०१२ मध्ये कायदा बदलला. 'भाड्यानं' ऐवजी 'व्यावसायिक भाड्यानं' असा शब्द आला आणि त्याची व्याख्या कलम २ मध्ये (एफए) म्हणून घातली. त्या व्याख्येत स्पष्ट म्हटलंय की कायदेशीररीत्या मिळवलेली सिनेमाची प्रत ना-नफा ग्रंथालयानं नफ्याचा हेतू न ठेवता उसनी दिली, तर ते व्यावसायिक भाडं धरलं जाणार नाही. आणि ना-नफा ग्रंथालय म्हणजे कोण? ज्याला सरकारी अनुदान मिळतं किंवा ज्याला आयकरातून सूट आहे ते.

म्हणजे आम्हीच की! गावोगावची अ, ब, क, ड वर्गाची, १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालयं. पुस्तकासारखा सिनेमा घरी न्यायला देण्याची मुभा संसदेनं दिलेली आहे. एवढंच नाही, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांत पुस्तकांबरोबर टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअरसाठीही मदतीची सोय केलेली होती. दार उघडं होतं. आम्ही बाहेर उभं राहून कडी वाजवत होतो. खरं तर वाजवतही नव्हतो.

आणि आता जरा धीर करून आत जावं म्हटलं तर आतली खोलीच गायब आहे. कारण कायदा म्हणतो 'प्रत'. हातात धरता येईल, कपाटात ठेवता येईल अशी प्रत. ती आता निघतच नाही. 'मानवत मर्डर्स'ची डीव्हीडी नाही. चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक घेऊन आला, पण आपल्याकडे तो २०२१ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर. 'पंचायत' ही खेड्यातल्या ग्रामपंचायतीवरची मालिका, अख्ख्या देशानं बघितली, ज्यांच्या ग्रामपंचायतीत ॲपचे पैसे भरणारे चार जण निघतील त्यांनी कशी बघायची? ॲपवर आपण विकत काहीच घेत नाही. महिना भरला की डोकावायची परवानगी. ती परवानगीही एका घरापुरती, दुसऱ्याला द्यायची नाही, आणि वाचनालयाच्या नावानं तर मुळीच नाही. पुस्तकाच्या बाबतीत हे झालं असतं तर? प्रकाशकानं म्हटलं असतं की पुस्तक छापणार नाही, आमच्या दुकानात येऊन वाचा, महिन्याचे इतके, तर आपण मोर्चे काढले असते. सिनेमाच्या बाबतीत हे झालं आणि कोणाला पत्ताही लागला नाही.

माझी भाची अमेरिकेत असते. तिच्याकडे याच विषयावर बोललो तर तिला नवल वाटलं. तिच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात दारातच 'नवीन सिनेमे आणि मालिका' असं कपाट आहे. कार्ड दाखवा, घेऊन जा, आठवड्यात परत करा. गाजलेला सिनेमा असेल तर नाव नोंदवून रांगेत थांबायचं. आणि ज्यांच्याकडे प्लेअर उरला नाही त्यांच्यासाठी कनोपी, हूपला अशा सेवा, ग्रंथालयाच्या कार्डावर घरबसल्या सिनेमा, वाचकाला फुकट, पैसे ग्रंथालय भरतं. तिकडंही सगळं आलबेल नाही बरं का. न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्सच्या ग्रंथालयांनी २०१९ मध्ये कनोपी बंद केली, खर्च झेपेना म्हणून. नेटफ्लिक्सनं स्वतःची टपालानं डीव्हीडी पाठवायची सेवा २९ सप्टेंबर २०२३ ला गुंडाळली. तबकडी तिकडंही आटत चाललीय. फरक एवढाच की तिकडं ग्रंथालयं कंपन्यांशी भांडतायत, घासाघीस करतायत. आपल्याकडे भांडणात आपण पक्षकारच नाही.

अमेरिकेचं उदाहरण दिलं की लगेच कोणीतरी म्हणतं, त्यांच्याकडे पैसा आहे. ठीक. केरळ घ्या. केरळ सरकारच्या चित्रपट महामंडळानं ७ मार्च २०२४ ला 'सी स्पेस' नावाचं स्वतःचं ओटीटी सुरू केलं. महिन्याची वर्गणी नाही, जो सिनेमा बघायचा त्याचेच पैसे, एका सिनेमाला ७५ रुपये. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रसार भारतीचं 'वेव्हज' आलं. म्हणजे सरकारनं मनावर घेतलं तर या धंद्यात उतरता येतं. आपल्याकडे तर आयती यंत्रणा आहे, हजारोंनी वाचनालयं गावागावांत उभी आहेत. कितीक नुसती फलकावर उभी आहेत हेही खरं, पण त्यावर परत कधीतरी.

आता माझी मूळ तक्रार सांगतो. महाराष्ट्र सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. लाखांत देतं. समिती सिनेमा बघते आणि त्याला दर्जा देते, अ किंवा ब. तेच सरकार वाचनालयांना अनुदान देतं, त्यांनाही दर्जा आहे, अ, ब, क, ड. एक काम सांस्कृतिक कार्य विभागाकडे, दुसरं उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे. दोन्ही मंत्रालयातच. पण अ दर्जाचा सिनेमा आणि अ वर्गाचं वाचनालय यांची आजतागायत भेट झालेली नाही! पैसे दोन्हीकडे आपलेच. आपल्या पैशानं झालेला सिनेमा आपल्या पैशानं चालणाऱ्या वाचनालयात का नसावा?

माझी मागणी एका ओळीची आहे. ज्या सिनेमाला राज्याचं अनुदान मिळतं, त्यानं प्रदर्शनानंतर ठरावीक काळानं, म्हणा एक वर्षानं, एक रीतसर प्रत किंवा दाखवण्या-देण्याचा परवाना राज्यातल्या अनुदानित वाचनालयांना द्यावा. अनुदानाच्या अटींत एक कलम वाढवायचं, बास. ही काही जगावेगळी कल्पना नाही. पुस्तकांसाठी १९५४ पासून कायदा आहे, प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाच्या प्रती स्वखर्चानं ठरलेल्या चार मोठ्या ग्रंथालयांना पाठवायच्या, त्यातलं एक मुंबईतलं. सिनेमा त्या कायद्यात नाही. आणि सिनेमा जपण्याची आपली तऱ्हा कशी, तर 'राजा हरिश्चंद्र' या १९१३ च्या आपल्या पहिल्या चित्रपटाची चारपैकी पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळं आज उरलीत. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं म्हणून निदान तेवढं तरी राहिलं. हे संग्रहालय पूर्वी फिल्म सोसायट्यांना सोळा एमएमच्या प्रती उसन्या द्यायचं. म्हणजे सिनेमा उसना देण्याची रीत या देशात होती. ती शहरातल्या जाणकारांपुरती राहिली, तालुक्याला पोचली नाही.

लोक म्हणतील, मास्तर, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, कोण येतंय वाचनालयात सिनेमा न्यायला?

प्रत्येकाच्या म्हणजे कोणाच्या? दिवाळी झाली की आमच्याकडचे कोयते उचल घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. घरी राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. त्या घरात असलाच तर एक साधा फोन असतो. ज्या घरात मोठा फोन आहे तिथं तो बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात असतो. पोरीच्या हातात फोन दिसला की दहा प्रश्न, आणि त्यावर सिनेमा बघते म्हटलं की अकरावा. तिच्यासाठी वाचनालय ही एक जागा आहे जिथं जाते म्हटलं तर घरचे हो म्हणतात. आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची पुस्तकं न्यायला ज्या मुली येतात, त्यातल्या एकीनं मला विचारलं होतं, "सर, 'कोर्ट' नावाचा पिक्चर आहे ना, कायद्यावरचा, कुठं बघायला मिळेल?" तो सिनेमा राष्ट्रीय पुरस्काराचा, सुवर्णकमळ मिळालेला. मी तिला पुस्तकं सात दिली. त्या प्रश्नाचं उत्तर काही देता आलं नाही.

दुसरा आक्षेप निर्मात्यांचा असेल की आमचं नुकसान होईल. वर्षभर थांबा म्हणतोय ना मी. मराठी सिनेमा चित्रपटगृहात दोन-तीन आठवडे टिकला तर नशीब अशी आज अवस्था आहे. वर्षानंतर सोनपेठच्या वाचनालयानं तो दहा घरांत दिला तर कोणाचं काय बुडतं? ती दहा घरं तिकीट काढून परभणीला जाणार होती थोडीच. वाचनालयं शंभर-सव्वाशे वर्षं पुस्तकं उसनी देतायत, त्यानं लेखक उपाशी मेले असं नाही. आपल्याकडे लेखक मेले ते दुसऱ्या कारणांनी.

आणि तिसरा आक्षेप आमच्या जुन्या सभासदाचा, ज्ञानमंदिरात पिक्चर शोभत नाही. त्याला उत्तर म्हणून फक्त एवढंच सांगतो की १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक ज्या चित्रपटाला मिळालं तो आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई'. ज्या वाचनालयात साने गुरुजींचं ते पुस्तक काचेच्या कपाटात आहे, तिथं तो चित्रपट का शोभू नये, मला खरंच कळत नाही.

सरकारचं कलम वाढेल तेव्हा वाढेल. मी आमदार-खासदारांच्या मागं लागणार आहे, तुम्हीही लागा. पण एक गोष्ट आजही आपल्या हातात आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नाही. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षं असतो. म्हणजे १९६० सालापर्यंतचे सगळे सिनेमे चित्रपट म्हणून केव्हाच मोकळे झालेत. प्रभातचे 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी'. नंतरचे 'पेडगावचे शहाणे', 'लाखाची गोष्ट', 'सांगत्ये ऐका', 'जगाच्या पाठीवर'. काय खजिना आहे बघा! (त्यातल्या कथेचे, गाण्यांचे हक्क वेगळे मोजले जातात, तेव्हा जाहीर कार्यक्रम करताना जाणकाराला विचारून घ्यावं. मी विचारून घेतलंय.) पेनड्राइव्हवर घेऊन वाचनालयानं घरोघर द्यावेत, आतल्या पानावर शिक्का मारतो तसा पेनड्राइव्हला नंबर टाकावा, हरवला तर दंड. रजिस्टरला नोंद कशात करायची हा प्रश्न यावेळी मी बैठकीत येऊ देणार नाही. नवीन वही घातली आहे, वर मोठ्या अक्षरात 'चित्रपट' लिहिलंय.

'मानवत मर्डर्स'चं म्हणाल तर शेवटी मी ॲपचे पैसे भरले. आईनं माझ्या फोनवर, चष्मा नाकावर आणि फोन नाकाला लावून, चार रात्रींत मालिका बघितली. शेजारच्या दोन म्हाताऱ्या पण यायच्या. तिघी एका फोनवर. एक भाग संपला की त्यांचंच सुरू व्हायचं, कुणाच्या मळ्यात काय झालं होतं, कुणाच्या घरातली पोरगी मामाकडं नेऊन ठेवली होती. मालिकेत नसलेलं कितीतरी मी त्या चार रात्रींत ऐकलं. वाटलं, हे वाचनालयाच्या पडवीत झालं असतं तर वीस जणींनी ऐकलं असतं, आणि कोणीतरी लिहूनही घेतलं असतं.

येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता वाचनालयात 'संत तुकाराम' लावतोय. एका क्लासवाल्याकडून प्रोजेक्टर मिळालाय, पांढरी चादर आमच्या घरची. तिकीट नाही. सतरंजी आहे, पण गुडघे दुखणाऱ्यांनी आपापली खुर्ची आणावी. लाइट गेली तर थांबू, येईल. आईनं आधीच सांगून ठेवलंय की तिला पुढची जागा पाहिजे.